झडपा स्वच्छ आहेत

"छान आहे की हार्ट," डॉक्टरीण म्हणाली आणि छातीवरची थंडगार जेली पुसायला तिने कागदाचा रुमाल माझ्या हातात दिला. "काय झालं होतं म्हणालात लहानपणी?"

उताणी पडल्या पडल्याच मी तिला सांगितलं. सांगितलं कसलं, म्हणून दाखवलं म्हणायला हवं, कारण ही चार वाक्यं गेली पंचवीस वर्षं मी इतक्या माइकवर म्हटली आहेत की त्यांना आता चाल लागलेली आहे. नवव्या वर्षी सांध्यांचा ताप आला. तो हृदयात उतरला. झडपा खराब झाल्या. दोन वर्षं अंथरुणात काढली. 'अंथरुणात' या शब्दावर मी नेहमी किंचित थांबते आणि सभागृह शांत होतं. इथे काही झालं नाही. डॉक्टरीण तिशीची असेल, कानाला मोबाइल लावून बोलण्याच्या सवयीने मान एका बाजूला कललेली. तिने पडद्याकडे पुन्हा पाहिलं, एक-दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "झडपा स्वच्छ आहेत. चारही. त्या तापाने झडप बिघडली की सहसा खूण राहते. जाड होते, कडा चिकटतात. तुमच्याकडे तसलं काहीच नाही." म्हणजे मी बरी झाले, असं मी म्हणाले. "बऱ्या झाल्या असाल," ती म्हणाली, "किंवा झालंच नसेल." मी कोपरावर उठून बसले. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण ती जरा सावरून बोलू लागली. बऱ्याच मुलांच्या हृदयात एक साधा, बिनधोक आवाज येतो. तेव्हा हे मशीन नव्हतं, नळी लावून ऐकायचं आणि ठरवायचं. गुडघे दुखत होते, ताप होता, आवाज आला, लावलं नाव. "मग नक्की काय होतं?" मी विचारलं. "मॅडम, चाळीस वर्षांनी ते कसं सांगणार? आज काही नाही एवढं सांगते. फिटनेस लिहून देते, पित्ताशय बिनधास्त काढून घ्या." आणि तिने खरोखरच लिहून दिलं, अर्ध्या मिनिटात. माझं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती पित्तखड्यांच्या ऑपरेशनसाठी भूलतज्ज्ञाने मागितलेल्या एका कागदात निकालात निघाली, तेही बाहेर पुढचा नंबर पुकारत असताना.

खरं तर पाचच मिनिटांपूर्वी तिने मशीनचा आवाज चालू केला होता आणि मी माझं हृदय पहिल्यांदा ऐकलं होतं. ओल्या फडक्याने कुणी फरशी पुसावी तसा आवाज, आणि ठेका चारचा. सरळ, बाळबोध, शिकवणीच्या पहिल्या दिवशी मांडीवर वाजवायला लावतात तसा. तेव्हाच मला कसंनुसं झालं होतं. कारण माझ्या गाण्यांचा ठेका सातचा. अडखळणारा, शेवटचं पाऊल ओढत टाकणारा सात. त्याच्यावर मी ओळखली जाते. एका समीक्षकाने कधीतरी लिहिलं की हा ठेका म्हणजे गायिकेच्या जखमी हृदयाची चाल आहे. ते मला इतकं हास्यास्पद वाटलं की एका मुलाखतीत मी थट्टेने म्हणाले, हो ना, डॉक्टरांनीच बसवून दिलाय. छापताना थट्टा गळली, 'हो' तेवढं राहिलं. पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न पहिला आला आणि मला नाही म्हणायचा कंटाळा आला. खरी गोष्ट अशी की तो सात आमच्या जुन्या घराखालच्या टायपिंग क्लासचा आहे. माझ्या पलंगाच्या बरोबर खाली तो होता. दुपारी तीनच्या बॅचला वीस-बावीस नवशिके एकच धडा बडवत, ओळ संपली की घंटी वाजे, मग यंत्राचा गाडा ओढून परत आणल्याचा खर्रर्र आवाज, आणि कुणीच दुसऱ्याबरोबर पोचत नसे. मी पडल्या पडल्या तो ठेका जिभेने दातांवर वाजवायची. जिभेनेच, कारण मामाने आणलेला माउथ ऑर्गन आईने कपाटात कुलूप लावून ठेवला होता. फुंकल्याने हृदयावर ताण येतो. हात उचलायचे नाहीत, उठून बसायचं नाही, रडायचं नाही, रडल्याने ठोके वाढतात. हसण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, पण आईने स्वतःच्या अधिकारात तेही कमी केलं होतं. असली गोष्ट कुणाला ऐकायची असते? जखमी हृदय म्हटलं की माणसं डोळे पुसतात. टायपिंग क्लास म्हटलं की घड्याळ बघतात.

कॉरिडॉरमध्ये येते न येते तो फोन वाजला. या संयोजकाचा नंबर मी फोनमध्ये 'जिद्द' या नावाने ठेवला आहे, कारण त्याचं कुठलंही वाक्य त्या शब्दाला शिवल्याशिवाय पुरं होत नाही. "ताई, रविवारचं पक्कं ना? मुलांच्या हृदयविभागाचा नवा वॉर्ड आहे, तुमच्यापेक्षा योग्य माणूसच नाही. आधी दहा मिनिटं तुमची कहाणी, मग आईंचा सत्कार, मग नवीन गाणं." नवीन गाणं झालेलं नाही, मी म्हणाले. "होईल हो. तुमच्या जिद्दीला काय अशक्य आहे? फक्त शब्दांत 'झुंज' आलं तर बघा, बॅनरवर तेच टाकलंय." मी भिंतीला टेकले. समोर एक बाई आपल्या रिपोर्टचा लिफाफा उघडू की नको अशा विचारात उभी होती. "आणि माझं हृदय कधी बिघडलंच नसलं तर?" मी विचारलं. "म्हणजे?" "म्हणजे काही झालंच नव्हतं, असं निघालं तर?" तो मनापासून हसला. "ताई, तुमचा विनोद म्हणजे ना! पण स्टेजवर हे नको हं, मुलं असतील." आणि त्याने फोन ठेवला. खरं बोललं की विनोद ठरतो आणि विनोद केला की खरं म्हणून छापून येतं. या धंद्यात राहून माझं डोकं अजून ठिकाणावर आहे हेच नवल.

लिफ्टपाशी आले आणि लिफ्टचं बटण दाबलं. दाबलं आणि स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं मी लिफ्टचं बटण दाबते आहे. लिफ्ट नसेल तिथे प्रत्येक मजल्यावर थांबते, आणि माझ्याबरोबरची माणसं काही न विचारता थांबतात, कठड्याला हात लावून भलतीकडे बघत उभी राहतात, ते सौजन्य मी एखादा हक्क असल्यासारखं घेते. त्या दिवशी मी जिने उतरले, बस सोडली, भर उन्हात तीन स्टॉप तरातरा चालले आणि आमच्या इमारतीचे चारही मजले एका दमात चढले. गुडघे बोंबलले, पाठीत लचक भरल्यासारखं झालं, घाम फुटला. हृदय मात्र आपलं काम करत होतं. थोडं जोरात, पण कुठलीही तक्रार न करता. दारात उभी राहून मी त्याच्या तक्रारीची वाट पाहिली. आली असती तर मला किती बरं वाटलं असतं, हे लक्षात आल्यावर मी बेल वाजवायचं विसरले.

नवरा ध्वनिमुद्रक आहे. आतल्या खोलीत टेबलावर वाकून तो एका वायरीला सोल्डरचा डाग देत होता. "काय म्हणाली?" त्याने मान वर न करता विचारलं. मी सांगितलं. झडपा स्वच्छ आहेत, बहुतेक कधी काही झालंच नव्हतं. "अरे वा," तो म्हणाला, "बरंच झालं की." मी त्याच्याकडे बघत राहिले. "बरंच झालं? नऊ ते अकरा मी लाकडासारखी पडून होते. एकवीस वर्षांची होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन घेतलं, दोन दिवस लंगडत कॉलेजात गेले. शाळेच्या मैदानावर मी एकदासुद्धा धावले नाही. बरंच झालं?" "आता तरी बरंच झालं, असं म्हणतोय मी." त्याने डाग फुंकून थंड केला. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे श्वास ऐकतो, कुठल्या गाण्यात कुठे खुर्ची करकरली ते त्याला दोन वर्षांनी आठवतं, पण घरात बोलायचं म्हटलं की पाच शब्द. मी वाट पाहत होते. चौतिसाव्या वर्षी, मूल हवं की नको हा विषय निघाला तेव्हा तोच म्हणाला होता, एकदा नीट तपासून घेऊ, आता मशीन आलंय त्याचं. मी नको म्हणाले होते. ते त्याने आता बोलून दाखवावं म्हणजे मला कडाडून भांडता येईल, एवढंच मला हवं होतं. तो बोलेना. "बोल ना," मी म्हणाले. "काय?" "तू तेव्हा म्हणाला होतास ते." "मी बरंच काही म्हणत असतो." "तपासून घेऊ म्हणाला होतास." "म्हटलं असेन. तुला नको होतं." "मला भीती वाटत होती." आता त्याने मान वर केली. चष्म्यावर डागाच्या धुराचा पातळ थर होता. "भीती नव्हती गं," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "तुला उत्तर नको होतं. मला दिसत होतं ते. म्हणून मी पुन्हा नाही काढलं."

मी दार आपटून स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं आणि ते आटून भांडं करपेपर्यंत तिथेच उभी राहिले. उत्तर नको होतं म्हणे. याला कसं दिसलं? आणि दिसलं तर पंधरा वर्षं गप्प कसा बसला? पण ती दुपार मला आठवतच होती. दुसरा अल्बम अर्ध्याच्या वर झाला होता. सात गाणी तयार होती, चार होत नव्हती, आणि दिवसभर मी त्या चारांच्या मागे असायची. कुणी हाक मारली तरी मला शारीरिक त्रास व्हायचा. मशीनऐवजी आम्ही आमच्या म्हाताऱ्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नळी लावून ऐकलं, नाकातून हुं केलं आणि म्हणाले, पूर्वीची हिस्ट्री आहे, रिस्क कशाला घ्या. त्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू येत होतं हे खरं. नवऱ्याने माझा हात धरला होता हेही खरं. पण रिक्षात बसता बसता मला आठव्या गाण्याच्या अंतऱ्याची ओळ सुचली होती, आणि ती विसरू नये म्हणून मी रडणं थांबवून ती मनात घोकत होते. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. ते गाणं पुढे खूप चाललं. न झालेल्या मुलाचं गाणं म्हणून लोक ते ऐकतात, बायका कार्यक्रमानंतर येऊन माझे हात हातात घेतात, आणि मी त्यांना घेऊ देते. तेव्हा मशीनपाशी गेले असते आणि झडपा स्वच्छ निघाल्या असत्या तर मला सरळ उभं राहून म्हणावं लागलं असतं की मला गाणी करायची आहेत, मूल नको. किंवा हवं. काहीतरी एक, माझ्या तोंडाने. आजार होता म्हणून माझ्या वतीने तो बोलला. शाळेत खेळाच्या तासाला तो बोलला, नातेवाइकांच्या गर्दीत तो बोलला, साथीदार जड स्पीकर उचलत असताना मी बाजूला उभी राहायची तेव्हाही तोच बोलत होता. आणि आता ती तिशीची पोरगी कागदाचा रुमाल देऊन म्हणते, झालंच नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईकडे गेले. आई सत्त्याहत्तरची आहे, बाबा गेल्यापासून त्याच जुन्या घरात एकटी राहते, आणि खाली आता क्लास नाही, व्यायामशाळा आहे. आई सत्काराच्या तयारीत होती. पलंगावर दोन साड्या पसरलेल्या, हातात फुलस्केप कागद. "बरी आलीस. हे ऐक," ती म्हणाली आणि चष्मा लावून वाचू लागली. "'माझी मुलगी नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की ही बारावं वर्ष बघणार नाही.' इथे थांबू ना जरा? तू थांबतेस तशी?" मी तिच्या हातातून कागद घेतला आणि सांगून टाकलं. एका दमात, कालचं सगळं. ती ऐकत होती, मध्येच तिने एका साडीची घडी घातली. माझं संपल्यावर म्हणाली, "त्या मशीनला काय कळतंय?" "आई, मशीनला आतलं दिसतं." "दिसू दे. मला तेव्हा बाहेरून दिसत होतं. तुझे गुडघे असे सुजले होते." तिने दोन्ही हातांनी नारळाएवढा आकार केला. मग उठली, कपाटातून माझी फाईल काढली. कापडी पट्टीने बांधलेली, कोपरे झिजलेली. ही फाईल मी लहानपणी हजारदा बघितली आहे, पण बांधलेली. उघडलेली कधीच नाही. "घे, तूच बघ काय ते," ती म्हणाली.

मी बघितलं. तापाचे तक्ते, आईच्या बारीक अक्षरात सकाळ-संध्याकाळ भरलेले, दोन वर्षं, एकही दिवस न गाळता. औषधांच्या चिठ्ठ्या. आणि साधारण आठव्या महिन्यात एक वेगळाच कागद, दुसऱ्याच डॉक्टरचा, वेगळ्या शाईचा. तीन ओळी. हृदयात दोष आढळत नाही. विश्रांतीची गरज नाही. मुलीला शाळेत पाठवावं. मी तो दोनदा वाचला. खाली कुणीतरी वजनं धाडकन आपटली. "हे काय आहे?" "ते होय," आई म्हणाली, "तुझ्या बाबांच्या साहेबांनी सुचवले होते ते डॉक्टर. एकदाच नेलं होतं तुला, टॅक्सीत आडवी घालून." "यांनी उठवा म्हणून सांगितलं होतं." "हो." "आठव्या महिन्यात." "हो गं, मी वाचलंय ते." "मग?" माझा आवाज चढला होता. "मग काय? एक म्हणतो उठवा, दुसरा म्हणतो उठवाल तर जाईल. दोघेही मोठे डॉक्टर. मी मॅट्रिक झालेली बाई. तू असतीस तर काय केलं असतंस?" "तिसऱ्याकडे नेलं असतं!" "आणि तो म्हणाला असता उठवा, तर? दोन विरुद्ध एक म्हणून उठवलं असतं? मतं मोजून?" तिने चष्मा काढला. "तुझे बाबा रात्रभर बसून होते. सकाळी म्हणाले, चूक आपल्या हातून व्हायचीच असेल तर अशी होऊ दे, की मुलगी जिवंत राहील. झालं. मग मी तो कागद फाईलला लावला आणि तुझा ताप घेतला."

मी तासभर भांडले, पण कशाशी भांडत होते तेच कळत नव्हतं. जिथे हात घालावा तिथे ती बरोबर निघायची. शेवटी मी ते काढलं. म्हणाले, "आणि मूल? तेव्हा तरी सांगायचंस ना, की असा एक कागद आहे म्हणून." आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला न केलेल्या चोरीबद्दल विचारते आहे. "तू मला विचारलं होतंस? तू आलीस, इथेच बसलीस, आणि 'आई, मला झेपायचं नाही, आमचं ठरलंय' म्हणालीस. ठरलंय म्हणालीस. मी मान डोलावली. नंतर तू पेटी काढून गात बसलीस संध्याकाळपर्यंत. मला वाटलं, हिला हेच हवं असेल." मग ती दुसरी साडी उचलून म्हणाली, "ही नेसू का निळी?" मी निघाले. जिन्यावर मागून हाक आली, "हळू उतर गं!" आणि मी मुठी आवळून, दाणदाण पाय आपटत उतरले, नऊ वर्षांच्या पोरीसारखी.

शनिवारपर्यंत मी गाणं करायचा प्रयत्न केला. झुंजला यमक गुंज आणि पुंज, दोन्ही कुचकामी. सात मात्रा घेतल्या की मला आता लबाडी वाटायची आणि चार घेतल्या की डोळ्यांपुढे ती फरशी पुसणारी बाई यायची. जिद्दने बॅनरचा फोटो पाठवला. त्यावर माझा चेहरा होता, वर बघणारा, आणि खाली 'मृत्यूला हरवणारा स्वर'. मी नवऱ्याला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "शुद्धलेखन बरोबर आहे." रद्द कर म्हणून दोनदा फोन हातात घेतला. पण आईने निळी साडी इस्त्रीला दिली होती.

रविवारी सकाळी अकराला नव्या वॉर्डात ओल्या रंगाचा वास होता. हॉलमध्ये पुढे मुलं बसवली होती, काही चाकाच्या खुर्च्यांत, दोघांच्या शेजारी सलाइनचे खांब. मागे आईबाप, त्यांच्या मागे डॉक्टर. मी आधीच जाऊन गिटार जुळवत बसले. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, दहा-अकराची, गाउनच्या गळ्यातून पट्टीचं पांढरं टोक दिसत होतं. ती माझ्याकडे निर्विकारपणे बघत होती. "तुम्हाला काय झालं होतं?" तिने विचारलं. चार वाक्यं तोंडाशी आली. तिच्या पट्टीकडे बघून मी ती गिळली. "माहीत नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांना पण माहीत नाही?" "नाही. एक म्हणाले 'आहे', एक म्हणाले 'नाही'." तिला यात विशेष काही वाटलं नाही. "आमच्याकडे पण तसंच करतात," ती म्हणाली. "मग तुम्ही दोन वर्षं काय केलंत?" मी विचार केला. या प्रश्नाला मी आजवर दिलेली सगळी उत्तरं, आशा, संगीत, आतला आवाज, माझ्या डोळ्यांसमोरून गेली. "काही नाही. भयंकर कंटाळले." आणि पहिल्यांदाच त्या मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती पुढे सरकली. "मला पण इतका कंटाळा येतो ना," ती हळू आवाजात म्हणाली, "पण असं बोललं की आई रडते."

जिद्दने माझी ओळख करून दिली. जिद्द सहा वेळा, झुंज चार वेळा. आईचा सत्कार आधीच उरकला, कारण पाहुण्यांना जायचं होतं, भाषण करायला तिला वेळ दिलाच नाही. हातात भला मोठा गुच्छ घेऊन ती व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर बसली, कागद पर्समध्ये तसाच. मग मी माइकपाशी गेले. म्हणाले, "बॅनरवर लिहिलंय तसं मी कुणाला हरवलेलं नाही. मला आजार होता की नव्हता हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. ज्यांना खरंच आहे ते इथे पुढे बसलेत. मला पक्कं माहीत आहे ते एवढंच, की मला फार कंटाळा आला होता, आणि तो मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितला नाही." जिद्द पडद्यामागून हाताने काहीतरी खुणा करत होता. मी दोन सुरांची एक सोपी, रडकी, ओढलेली ओळ वाजवली, रुसलेलं पोर पाय ओढत चालतं तशी, आणि गायले: कंटाळा आला, कंटाळा आला, मला छताचा कंटाळा आला. "तुम्हाला कशाचा?" मी विचारलं. मग दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "सुईचा." मी ते गायले. "मऊ जेवणाचा," मागून एक मुलगा. "शूर मुलगी म्हणणाऱ्यांचा!" "भेटायला येतात त्यांच्या सफरचंदांचा!" "गाउनच्या मागच्या नाड्यांचा!" मग काही आवरेना. सगळे एकदम ओरडायला लागले, सलाइनचा खांब हलायला लागला, एक नर्स पुढे धावली आणि मधेच थांबली. एक अगदी बारीक आवाज म्हणाला, "डॉक्टरकाकांच्या गार हातांचा," आणि मागच्या रांगेत एका डॉक्टरने हात खिशात घातले. मला घाम आला होता, गळा बसत आला होता, आणि गाणं म्हणावं असं त्यात काहीही नव्हतं. यमक नाही, अंतरा नाही. पण इतकं खरं मी आजवर काही गायले नव्हते. पालक मात्र अवघडून बसले होते. कुणाची आई ओठ चावत होती, कुणाचे बाबा जमिनीकडे बघत होते, आपल्या पोराने काय ओरडलं ते न ऐकल्यासारखं करत.

तेवढ्यात व्यासपीठाच्या कडेला एक हात वर झालेला दिसला. वर्गात करतात तसा, सरळ. आई होती.

मी वाजवायचं थांबले. मुलंही वळून बघू लागली.

"मला हिचा कंटाळा आला होता," आई म्हणाली.

ती मुलांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "दोन वर्षं," ती म्हणाली, "रोज. उठले की ही. झोपले तरी ही. खिडकीतून रस्त्याने एखादी बाई जाताना दिसली तरी मला तिचा राग यायचा, की ही कशी बाहेर जाते." गुच्छाचा कागद तिच्या मांडीवर चुरचुरला. "एवढं मी कुणाला बोलले नव्हते."

दोन वेण्यांची मुलगी मागे वळून पालकांच्या रांगेत कुणालातरी शोधत होती. तिसऱ्या रांगेतली एक बाई तोंडावर हात ठेवून बसली होती. मग तिने तो हात काढला, आणि हळूच, खांद्याएवढाच, वर केला. तिच्या शेजारच्या बाईनेही. मग एका वडिलांनी.

"आई," मी म्हणाले, "ऐकू आलं नाही मागे. इथे ये."

"अगं, पण चालीत बसेल का ते?"

"बघू या."

तिने गुच्छ खुर्चीवर ठेवला, निळ्या साडीचा पदर खोचला आणि माइकपाशी आली. मी बाजूला सरकून तिला जागा दिली.